जुनं जू, नवी टायरगाडी

पोरा, ऊसतोडीला टायर सेंटरला, म्हणजे कारखान्याच्या टायरगाडीवर, जायचं तू ठरवलंस. उचल घेऊन झाली, आता त्यावर बोलण्यात अर्थ नाही. दसरा झाला की केज, धारूर, वडवणीच्या गावांतून माणसं, बैलं आणि भांडीकुंडी भरून ट्रक निघतात, ते तू जन्मल्यापासून बघतोस. पण आजवर तू डोकी सेंटरला गेलास. मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रक भरायचा, एवढंच तुझं काम होतं. बैल तुझ्या ताब्यात यंदा पहिल्यांदाच आलेत. गाडी कारखान्याची, जोडी नेकनूरच्या बाजारातली आणि जू आपल्या घरचं, सपराच्या आढ्याला टांगलेलं. तीन ठिकाणच्या तीन वस्तू एकत्र बांधायच्या आहेत. बांधणी चुकली तर गाडीचं काही जात नाही, जुवाचंही जात नाही. जातं ते बैलाच्या खांद्याचं, आणि एकदा खांदा आला, म्हणजे सुजला, की तुझा हंगाम बसला घरी.

लोखंडी पाइपाचं नवं जू तिकडं मिळेलही. माझं मत विचारशील तर घरचंच ने. पाइप उन्हात तापतो, थंडीत गारठतो आणि त्याची गोलाई मानेवर एकाच रेघेत टेकते. लाकूड रुंद टेकवता येतं आणि लागेल तसं तासता येतं. मी सांगतो त्यातलं बरंच आमच्या तात्यांचं, म्हणजे थोरल्या चुलत्यांचं आहे. ते लाकडी चाकाच्या गाडीवर म्हातारे झाले आणि टायरगाडी आल्यावर ती शिकायला लाजले नाहीत.

आधी हे जू कशाचं ते बघ. घरात जुवं तीन तऱ्हेची असतात. कोळप्याचं नि पेरणीचं जू लांब असतं, कारण बैलांनी ओळी सोडून चालायचं असतं. नांगराचं त्याहून आखूड आणि दणकट. गाडीचं वेगळं. आढ्याला दोन टांगलेली आहेत, त्यातलं लांब ते कोळप्याचं. ते चांगलं दिसतं म्हणून उचलू नकोस. लांब जुवानं बैल दांडीपासून दूर चालतात, भरल्या गाडीला वळण घेताना बाहेरच्या बैलाला पळावं लागतं आणि जुवाच्या मध्यावर ताण येतो. दुसरं, ज्याच्या शिवळा, म्हणजे मानेच्या दोन बाजूंच्या खुंट्या, काळ्याभोर झाल्यात, ते गाडीचं.

ते खाली काढून ओल्या फडक्यानं पूस आणि उन्हात नको, सावलीत ठेव. वाळलं की मधोमध बोट फिरव. जू तुटतं ते नेहमी मध्यावर, कारण दोन टोकांना दोन माना आणि मध्ये सगळं ओझं. तिथं रेषेच्या दिशेनं बारीक भेग असेल तर चालते, लाकूड वाळताना ती पडतेच. भेग आडवी असेल तर ते जू चुलीत घाल, दया दाखवू नकोस. मग शिवळांची भोकं बघ. ती वापरून वापरून लांबट होतात. शिवळ आत खुळखुळली की प्रत्येक पावलाला मानेच्या कडेला ठोसा बसतो. लांबट भोकात चिंधी कोंबायची नाही. सुताराला नवी जाड शिवळ करायला सांग, बाभळीची. टोकं घासून गोल करून घे. करडईचं नाहीतर जवसाचं तेल दोन हात दे आणि तेल मुरल्यावरच पुढचं काम कर.

आता मुख्य गोष्ट. जुन्या जुवाला खालून हात लाव. शिवळांच्या मध्ये खळगा लागेल, गुळगुळीत, एका बाजूला जरा जास्त खोल. तो आपल्या जुन्या बैलांच्या मानांनी पाडलेला आहे. वर्षानुवर्षं त्या दोन माना तिथं टेकल्या आणि लाकूड त्यांच्यासारखं झालं. लोक म्हणतात, मुरलेलं जू आहे, बैलाला सुख देतं. देतं, पण ज्या बैलांनी ते मुरवलं त्यांनाच. तुझी नवी जोडी मानेनं जाड आहे. तिच्या मानेला तो खळगा अरुंद पडणार, म्हणजे मान बुडाला टेकणारच नाही, खळग्याच्या दोन काठांवर टेकेल. काठांवर भार आला की चार दिवसांत तिथले केस जातात, मग कातडी लाल होते, मग सूज येते. बाहेरून बघणाऱ्याला जू अगदी बसल्यासारखं दिसतं, हाच त्यातला फसवा भाग.

म्हणून एक कर. बैलाच्या मानेला ओली माती चोळ, पातळ. जू ठेव, दोघांनी दोन्ही टोकांना जरा दाब आणि उचल. खळग्यात माती कुठं लागली ते दिसेल. सगळीकडं सारखी लागली तर काम झालं. दोन काठांवरच लागली तर सुताराकडून काठ तासून घे, खळगा रुंद कर, खोल करू नकोस. खोल केलंस तर मध्यावर नाही पण खांद्यावर जू कमजोर होतं. तासलं की पुन्हा माती, पुन्हा जू. तात्या हे दोन्ही बैलांसाठी वेगवेगळं करायचे आणि जुवाच्या एका टोकाला खिळ्यानं खूण करून ठेवायचे, म्हणजे डाव्याचं उजव्याला जात नसे. लोखंड कापता येतं, लाकूड तासता येतं. मान तासता येत नाही.

शिवळांमध्ये मान बसल्यावर दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं आडवी जावीत. त्याहून कमी असेल तर मान आवळते, चढाला बैल मान खाली घालतो तेव्हा शिवळ घासते. जास्त असेल तर जू डुलतं.

आता गाडीशी जोडणी. आपल्या लाकडी गाडीची धुरी चौकोनी होती, जुवाची खाच तिच्यासाठी कोरलेली आहे. कारखान्याच्या गाडीची दांडी लोखंडी पाइपाची असते, गोल. चौकोनी खाचेत गोल पाइप ठेवला की तो दोनच ठिकाणी टेकतो आणि फिरतो. वेल्डिंगवाला तुला सांगेल, मध्ये भोक पाडू, आरपार बोल्ट टाकू, पाच मिनिटांचं काम. त्याला हात जोड. जू तुटतं ते मध्यावर, हे आत्ताच सांगितलं, आणि तो नेमका तिथंच भोक पाडायला निघालाय. त्याऐवजी यू बोल्ट घे, पाइपाच्या मापाचा, वर पट्टी टाकून दोन नट. जू आणि पाइपाच्या मध्ये ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुमडून घाल, म्हणजे पाइप लाकूड खात नाही आणि फिरतही नाही. नटावर दुसरा नट चढव, नाहीतर हादऱ्यानं सुटतो. त्यावरून नाड्याचे चार वेढे घ्यायचेच. बोल्ट असताना दोर कशाला, असं कुणी हसलं तर हसू दे. बोल्ट तुटला तर बैल मोकळे सुटतात आणि भरली गाडी मागं जाते. दोर असला तर तुला चाकाला उटी लावायला वेळ मिळतो.

फार घट्टही बांधू नकोस. जुवानं दांडीवर थोडं वर-खाली हलायला पाहिजे. एक बैल खड्ड्यात उतरला आणि दुसरा कडेवर असला तर जू तिरकं व्हायला पाहिजे, नाहीतर सगळा पीळ मानांवर येतो. किती हलावं? एका टोकाला धरून वर उचल. टोक वीतभर यावं आणि दांडीनं चूं म्हणू नये.

मग उंची. लाकडी गाडीचं चाक मोठं, टायरचं लहान. म्हणून टायरगाडीचा साटा खाली असतो आणि दांडी मानेपर्यंत चढत जाते. बैल उंच असतील, खिल्लारी वळणाचे, तर जुंपल्यावर साट्याचं तोंड वर होतं आणि माल मागं ओढतो. बैल बुटके असतील, आपल्या लाल कंधारीच्या अंगाचे, तर तोंड खाली जातं. दोन्ही वाईट. मोकळी गाडी सपाट जागी उभी कर, बैल जुंप आणि बाजूला जाऊन दहा पावलांवरून बघ. साटा जमिनीशी सरळ दिसला पाहिजे. नसेल तर जू दांडीच्या वर बसवतोस की खाली, एवढ्या फरकानंही काम भागतं. त्यानं नाही भागलं तर मध्ये लाकडाची फळी घाल.

उलाळ आणि धुरजड हे दोन शब्द तुझ्या कानावर आहेत, पण अंगावर आलेले नाहीत. माल मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि गळ्याखालचं जोतं बैलाचा श्वास दाबतं. माल पुढं जास्त झाला की गाडी धुरजड, सगळं ओझं मानेवर. माणसं धुरजडीला घाबरत नाहीत, कारण गाडी पळत्या बैलाला स्थिर वाटते. खांदे मात्र तिथंच जातात. उसात अजून एक खोच आहे. टिपरं बुडख्याकडं जड, शेंड्याकडं हलकं. सगळ्या मोळ्यांचे बुडखे पुढं केलेस तर मोजायला मोळ्या तेवढ्याच, पण गाडी धुरजड. म्हणून थर बदलत जा, एक थर बुडखे पुढं, एक थर मागं, आणि शेवटचे दोन थर हात राखून ठेव, तिथंच तोल साधायचा. भरून झाली की बैल जुंपायच्या आधी दोघांनी जुवाची दोन टोकं धरून उचला. जरा नेट लावून उचललं गेलं पाहिजे. एकट्यानं सहज उचललं तर उलाळ, दोघांनाही हललं नाही तर धुरजड. जुंपल्यावर हे कळत नाही, कारण बैल बोलत नाही.

जोत्याचं थोडक्यात सांगतो. सुताची नाहीतर अंबाडीची रुंद पट्टी घे. नायलॉनची दोरी स्वस्त पडते, कापतेही तेवढीच. जोतं बांधल्यावर गळा आणि जोतं यांच्यामध्ये पंजा आडवा सहज जावा. चामड्याचं असेल तर रात्री काढून पूस, घामानं ते लाकडासारखं होतं.

जोडीतला एक दांडगा, एक अंगानं कमी, हे ठरलेलंच. तुझ्या जोडीतला पांढरा दांडगा आहे. दांडी जुवाच्या बरोबर मध्यावर बांधली तर दोघांवर सारखा भार पडतो आणि कमी अंगाचा संध्याकाळी मागं राहतो. यू बोल्ट पांढऱ्याच्या बाजूला दोन बोटं सरकव. दांडी ज्याच्या जवळ, त्याच्यावर भार जास्त. दोनच बोटं, चार नाहीत. दांडग्यालाही मरण असतं. आणि महिन्याभरानं बघ, कमी अंगाचा अंग धरतो, मग बोल्ट मध्यावर आण.

टायरकडं लोक चालक म्हणून बघतात, गाडीवान म्हणून बघत नाहीत. एका टायरात हवा कमी असली की गाडी त्या बाजूला ओढते, दांडी तिरकी होते आणि त्या बाजूच्या बैलाच्या मानेला शिवळ दिवसभर घासते. खांद्याला एकाच कडेला फोड आला तर आधी टायर बघ, मग जू. निघायच्या आधी चाक उचलून हातानं फिरव. गरगरलं पाहिजे. अडखळत असेल तर बेअरिंगला ग्रीस मागून घे. तो कारखान्याचा हक्काचा माल आहे, लाजू नकोस.

आता पायातलं. रानात बैलाला पत्रीची, म्हणजे नालाची, गरज नसते, डांबरी रस्त्याला असते, आणि कारखान्याच्या काट्यापर्यंतचा रस्ता डांबरी आहे. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, एका बैलाला आठ. नालबंद आपल्याकडचाच गाठ, तिकडं हंगामात गर्दी असते आणि घाईचं काम असतं. बैल रिकाम्या पोटी असताना, मऊ मातीवर पाडायला सांग. पाडून ठेवून बिडी ओढत बसू देऊ नकोस. रवंथ करणारं जनावर आडवं राहिलं की पोट फुगतं. खूर आधी सपाट तासला पाहिजे, मग पत्री. काही जण उलट करतात, पत्री ठोकतात आणि बाहेर आलेला खूर तासतात. पत्री खुराच्या मापाची, खूर पत्रीच्या मापाचा नाही. खिळे बाहेरच्या भिंतीतच मारायचे, तिरके, टोक बाजूनं बाहेर निघालं पाहिजे. दोन नखांच्या आतल्या बाजूला भिंत पातळ असते, तिथं खिळा नको. ठोकताना बैलानं पाय झटकला, तर नालबंद म्हणेल खोड्या करतोय. एकदा झटकला तर खोड, त्याच खिळ्याला पुन्हा झटकला तर खिळा जिव्हाळी लागलाय. तो तिथल्या तिथं उपटायला लाव आणि डॉक्टरला दाखव. उद्या बघू म्हटलंस तर पायात पू होतो. पत्री मारल्यावर दोन दिवस मोकळं चालव, चौथ्या दिवशी खूर हातानं चाचपून बघ. एक खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर तोच.

सगळं बांधून झालं की लगेच भरू नकोस. आधी मोकळी गाडी, होळच्या रस्त्यानं गावाबाहेर जाऊन यायचं. सोडल्यावर दोन्ही खांदे हाताच्या पाठीनं तपास, तळव्यानं नाही. तळवा राठ असतो, त्याला ऊन कळत नाही. केस एका दिशेनं चोळले गेलेत का, घाम सगळीकडं सारखा आहे का, ते बघ. घामात कोरडा ठिपका दिसला तर तिथं जू दाबतंय. दुसऱ्या दिवशी अर्धी गाडी, मातीची नाहीतर शेणखताची. मग पुरी.

खांद्याखाली पोत्याची घडी किंवा गाडीच्या सीटचा स्पंज घालायचा मोह होईल. सगळे घालतात. घामानं घडी भिजते, गोळा होते आणि त्या गोळ्याचाच घट्टा पडतो. जू नीट असेल तर घडी लागत नाही, नसेल तर घडीनं भागत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण लोणी-हळद लावून खांदेमळणी करतो, ती वर्षातून एकदाच करायची असा काही नियम नाही. सेंटरवर रोज रात्री कोपीपुढं बैल बांधल्यावर गार पाण्यानं खांदे धू, कोरडे कर आणि हातानं मळ. सूनबाईला सांगू नकोस. तीही दिवसभर मोळ्या बांधते, तूच कर.

वजनाचं आणि कामाच्या तासांचं मी सांगून तू ऐकणार नाहीस, कारण टनावर पैसे आहेत. तरी ऐक. जनावरांकडून ओझं ओढून घेण्याबद्दल केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत. दिवसाला ९ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग ५ तासांपेक्षा जास्त नको, आणि पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ जनावर जुंपायचं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये हे तिसरं कलम तुला रोज आठवेल. त्या वेळी खेप पहाटे काढ. बंगळूरच्या आयआयएमचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी आयुष्यभर बैलगाडी सुधारा म्हणून ओरडत राहिले. देशातल्या एवढ्या बैलांच्या मानांकडं एवढ्या मोठ्या संस्थेतला माणूस बघतो, याचं मला अजून नवल वाटतं. २०२२ साली सांगली जिल्ह्यात साखराळ्याच्या राजारामबापू इन्स्टिट्यूटमधल्या पोरांनी जुवाच्या बाजूला खाली एक जादा चाक बसवलं, त्याला सारथी नाव दिलं. मानेवरचं ओझं त्या चाकावर उतरतं. तिकडंच चाललायस, तर कुठल्या गाडीला ते लावलेलं दिसलं तर थांबून बघ, चाक दांडीला कसं जोडलंय, वळताना काय करतं, चिखलात काय करतं ते विचार. फडातल्या मऊ जमिनीत ते रुतत असेल असं मला वाटतं, पण बघितल्याशिवाय नावं ठेवू नकोस. फडातून भरली गाडी काढताना मात्र चाक असो-नसो, शेजाऱ्याची जोडी पुढं जुंपून घे. आज त्याची, उद्या तुझी. एकट्या जोडीनं काढायची फुशारकी मारणाऱ्याचे बैल मार्चपर्यंत उभे राहत नाहीत.

ट्रकमध्ये बैल चढवायच्या आधी लाळ्या-खुरकुताची आणि लम्पीची लस झालीय का, कानातला बिल्ला जागेवर आहे का, ते केजच्या दवाखान्यात जाऊन बघ. सोबत सुटा यू बोल्ट एक, नट चार, बाभळीच्या दोन शिवळा आणि नाडा घे. आणि मोबाइलमध्ये १९६२ हा नंबर घालून ठेव. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा तो सरकारी नंबर आहे, फोनला पैसे पडत नाहीत.